लहान मुलांना घेऊन मे महिन्यात पुणे ते मालवण : घाट सकाळीच उतरा

आमची पहिली मालवणवारी आठवली की मला अजून मिसळीचा वास येतो. मुलगी साडेचार वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा, सोबत सासूबाई. पुण्याहून निघायलाच साडेनऊ वाजले आणि कोल्हापूर गाठेपर्यंत अडीच. ‘आलोच आहोत तर’ म्हणून मिसळ झाली, मुलीनेही पावाबरोबर दोन-चार चमचे कट चाखला. पाचच्या सुमारास, ऊन समोरून डोळ्यांत घेत, आम्ही गगनबावड्याचा घाट उतरत होतो. तिसऱ्या वळणावर ती माझ्या अंगावर ओकली, पाचव्या वळणावर सीटवर. ताईला बघून धाकट्याने सूर धरला. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “लाल डब्याने आलो असतो, तर निदान धुवायची गाडी आपली नसती.”

तेव्हापासून आम्ही बेत उलटा आखतो. आधी घाट कधी उतरायचा ते ठरवायचं आणि बाकीचं सगळं त्यामागे बसवायचं. घाट सकाळी, गारव्यात, पोट अर्धं भरलेलं असताना उतरायचा. म्हणजे पहिला मुक्काम कोल्हापुरात आणि प्रवास दोन दिवसांचा. आंबोलीमार्गे एकूण अंतर सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. मोठी माणसं ते एका दिवसात करतात. पाच वर्षांखालचं मूल असेल तर करू नका.

पंधरा दिवस आधी : तारखा आणि रस्ता

मेचा पहिला पंधरवडा सगळ्यात बरा. महिनाअखेरीला समुद्र खवळायला लागतो, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ पावसाळ्यासाठी बंद होतात. शनिवारी पहाटे निघू नका, निम्मं पुणं तुमच्याबरोबर असतं. मंगळवारी किंवा बुधवारी निघा. दुपारनंतर घाटमाथ्यावर वळवाचा पाऊस कोसळू शकतो, सकाळी घाट उतरायचं हे आणखी एक कारण.

मॅप जो वेळ सांगेल तो दीडपट धरा. सातारा ते कागल रस्ता रुंद करण्याचं काम गेली काही वर्षं चाललं आहे, मधेमधे गाड्या सेवारस्त्यावर वळवतात. मॅपला शी-शू कळत नाही, ते वेगळंच.

कोल्हापूरहून कोकणात उतरायला बरेच घाट आहेत. करूळ आणि भुईबावडा गगनबावड्याहून, फोंडा घाट राधानगरी-दाजीपूरच्या जंगलातून, आणि आंबोली निपाणी-उत्तूर-आजरामार्गे. मुलं बरोबर असली की मी आंबोली धरते. वळसा पडतो, पण घाटाच्या आधी आंबोलीत थांबून मोकळी हवा खाता येते आणि घाट संपला की सावंतवाडी आहे. घाटांची कामं निघतात. करूळ २०२४ मध्ये असाच बंद होता. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी मालवणात जिथे उतरणार, त्या घरमालकांना फोन करून विचारा. त्यांना मॅपच्या आधी कळलेलं असतं.

गाडी

सर्व्हिसिंग प्रवासाच्या निदान आठवडाभर आधी करा, म्हणजे काही गडबड राहिली असेल तर शहरात फिरतानाच कळते. कूलंट, एसी, वायपर आणि स्टेपनीतली हवा स्वतः बघा. स्टेपनीकडे कुणाचंच लक्ष नसतं.

उन्हाळ्यात टायरमध्ये हवा कमी ठेवावी असं पंपावरही सांगतात. ऐकू नका. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि फुटण्याची भीती वाढते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीचं स्टिकर असतं. त्यावर भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा असतो, तेवढी हवा टायर थंड असताना भरा. टायरच्या कडेवर चार आकडे सापडतील. ३१२१ म्हणजे २०२१ सालचा एकतिसावा आठवडा. नक्षी चांगली दिसत असली तरी टायर फार जुना असेल तर दाखवून घ्या.

मांडी की सीट

या मुद्द्यावर घराघरात वाद होतो, आमच्याकडेही झाला. “आम्ही तुम्हाला मांडीवरच वाढवलं” हे खरं आहे. पण तेव्हा गाडी ताशी चाळीसने जायची. ताशी पन्नासच्या धडकेतसुद्धा दहा किलोचं मूल दीड-दोनशे किलोच्या जोराने पुढे फेकलं जातं, ते कुठल्याच आजीच्या हातात राहत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर एक हजार रुपये दंड आहे. सासूबाईंना दंडाचा आकडा लगेच पटला, शास्त्र नंतर पटलं.

सीट घेताना तिच्यावर आर४४, आर१२९ किंवा एआयएस ०७२ या सुरक्षा मानकांपैकी एकाचा शिक्का बघा. दीड वर्षापर्यंत तरी मूल पाठमोरं बसलेलं चांगलं, आणि सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसत असेल तर त्यानंतरही. पाठमोरी सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या जागेवर कधीही लावू नका. बसवल्यावर बुडाशी धरून हलवा, एक इंचापेक्षा जास्त सरकली तर बसवणं चुकलं. मुलाचा पट्टा आवळल्यावर खांद्यापाशी पट्ट्याची चिमूट धरता आली तर तो अजून सैल आहे.

आमच्याकडे धाकट्याची सीट डावीकडे असते, म्हणजे त्याला रस्त्याच्या नाही तर कडेच्या बाजूने उतरवता येतं. मुलगी उजवीकडे बूस्टरवर (पट्टा नीट बसावा म्हणून मुलाला उंच करणारी बैठक), मधे मी, सासूबाई पुढे. पुण्याहून दक्षिणेला जाताना सकाळचं ऊन डावीकडून येतं आणि परतताना उजवीकडून. काढता येणारी जाळी त्याप्रमाणे लावा. काळी फिल्म नको, सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मनाई केल्यापासून पोलिस अडवतात.

सीटची सवय प्रवासात लागत नाही. पंधरा दिवस रोज भाजी आणायला जातानाही त्याच सीटवर बसवा. पहिले तीन दिवस रडारड होते, चौथ्या दिवशी पोर स्वतःच क्लिप शोधतं.

आदल्या दिवशी : सामान

सामानाचा एकच नियम मला उपयोगी पडला आहे. वाटेत मोठी बॅग उघडायची नाही. कोल्हापूरच्या रात्रीपुरती एक वेगळी पिशवी करा. बाकीच्या बॅगा मालवणपर्यंत डिकीत तळाशी. हाताशी मात्र या गोष्टी हव्यातच:

- प्रत्येकाचा एक कपड्यांचा जोड, तुमचाही. ओकारी आईच्याच अंगावर होते.
- श्रीखंडाचा एक किलोचा रिकामा डबा, झाकणासकट, असे दोन. पिशवी धरायला दोन हात लागतात आणि ती गळते. डबा मूल स्वतः धरतं, झाकण लावलं की वास आत.
- चार सुती पंचे. ऊन अडवायला, पुसायला, तापलेल्या सीटवर घालायला.
- लहान पॉटी आणि जुनी वर्तमानपत्रं. हायवेवरची स्वच्छतागृहं सुधारली असली तरी तीन वर्षांच्या मुलाला तिथे बसवून बघा.
- थर्मामीटर, तापाचं औषध आणि वजनाप्रमाणे किती मिली द्यायचं ते डॉक्टरांकडून लिहून घेतलेली चिठ्ठी. मध्यरात्री आकडेमोड सुचत नाही.
- कागदावर लिहिलेले नंबर: हायवेवरच्या मदतीसाठी १०३३, रुग्णवाहिकेला १०८, बाकी सगळ्याला ११२. घाटात मोबाइल पोचत नाही, पण निदान नंबर शोधण्यात वेळ जात नाही.

फास्टॅगचा बॅलन्स रात्रीच बघा. खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी असे चार नाके आहेत, आणि झोपलेली मुलं नाक्यावरच्या वादावादीने हमखास उठतात.

खाणं-पिणं

पहिल्या दिवसासाठी घरचंच न्या. दशम्या सगळ्यात भरवशाच्या. कणीक दुधात भिजवलेली असल्यामुळे मऊ राहतात आणि बाळालाही तोडून देता येतात. तिखटमिठाच्या पुऱ्या, राजगिऱ्याचे लाडू, चुरमुरे. बटाट्याची भाजी, दहीभात, ओल्या खोबऱ्याची चटणी मेच्या उन्हात गाडीत ठेवू नका. केळी न्यायची तर पहिल्या तासात संपवा. बंद गाडीत पिकलेल्या केळ्याच्या वासाने ज्यांना गाडी लागत नाही त्यांनाही लागते.

चालत्या गाडीत लहान मुलाला शेंगदाणे, फुटाणे, गोल चॉकलेटं देऊ नका. गचका बसला की घशात अडकतात आणि मागे वळून बघेपर्यंत उशीर झालेला असतो. द्राक्षं उभी चिरून द्या. वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नका.

पाणी मागायची वाट बघू नका, दर अर्ध्या तासाला दोन घोट. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी नाही, फक्त दूध, थोडं जास्त वेळा. दूध पाजायला आडोसा हवा असेल तर एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष शोधा. ओआरएसचं पुडकं सगळं एकदम एक लिटर पाण्यात घालायचं आणि चोवीस तासांत संपवायचं. अर्धं पुडकं ग्लासात टाकणं चूक. खोक्यातली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. फळांच्या पेयांवर ते नाव छापायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी घातली.

हॉटेलात मेनूकार्ड मुलांसमोर उघडू नका. “साधा भात, फोडणी न दिलेलं वरण आणि तूप” एवढं सांगा. कार्डावर नसतं, पण मिळतं.

पहिला दिवस : पहाटे पाच

मुलांना रात्रीच प्रवासाचे कपडे घालून झोपवा आणि पाच वाजता उचलून सीटवर ठेवा. गाडी चालवणाऱ्याने मात्र साडेनऊलाच झोपायचं. बॅगा भरायचं काम त्याच्याकडे देऊ नका.

मुलं झोपलेली असतील तर शिरवळला चहासाठी थांबण्याचा मोह टाळा. खंबाटकी घाट उजाडता उजाडता पार होतो, ही सगळ्यात मोठी कमाई. दुपारी ट्रकांच्या मागे रांगत चढताना बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाड्या दिसतात. इंजिनाच्या तापमानाचा काटा वर जायला लागला तर एसी बंद करा, हीटर चालू करा, सुरक्षित जागा बघून थांबा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, वाफ तोंडावर येते. मुलांना घेऊन रस्त्यापासून लांब उभे राहा.

पहिला थांबा साताऱ्याच्या पुढे, सातच्या सुमारास. दात घासणं, दूध, डायपर. त्यानंतर दर दोन तासांनी थांबा, आणि थांबा म्हणजे बाळाला सीटमधून काढून हातपाय हलवू देणं. गाडी पंपावर किंवा ढाब्याच्या आवारात घ्या, हायवेच्या कडेला नको. मोठा थांबा कराडला घ्या. हायवे सोडून जरा आत गेलात की प्रीतिसंगम आहे. कृष्णा आणि कोयना तिथे समोरासमोर येऊन भेटतात, यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे, बाग आहे. अर्धा-पाऊण तास मुलांना मोकाट सोडा. हा वेळ पुढे शांततेच्या रूपाने परत मिळतो.

गाडीतला वेळ घालवायला आमच्याकडे दोन खेळ चालतात. एक नद्यांचा. नीरा ओलांडली की पुणे जिल्हा संपला, मग कृष्णा, वेण्णा, उरमोडी, कोयना, वारणा आणि कोल्हापूरच्या तोंडाशी पंचगंगा. ज्याला आधी पूल दिसेल त्याला एक चुरमुऱ्याची मूठ. दुसरा नंबरप्लेटचा. एमएच १२ पुणे, ११ सातारा, ५० कराड, १० सांगली, ०९ कोल्हापूर. ०७ दिसला की आरडाओरडा करायचा, कारण तो सिंधुदुर्ग, म्हणजे तिकडचा माणूस. मोबाइल शक्यतो नकोच, का ते घाटात सांगते.

बारापर्यंत कोल्हापूर. खोली लवकर मिळेल का हे आधी विचारून ठेवा. बारा ते चार कुणीही बाहेर पडायचं नाही.

उन्हात लावलेल्या गाडीबद्दल एकच सांगते. आतलं तापमान दहा मिनिटांत दहा अंशांच्या आसपास वाढतं, आणि लहान मुलाचं अंग मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापतं. “झोपलंय, दोन मिनिटांत येते” हे कधीही नाही, काच खाली असली तरी नाही. परत बसवण्याआधी दारं उघडून गरम हवा जाऊ द्या आणि पट्ट्याच्या धातूच्या क्लिपला हात लावून बघा. ती चटका देते.

संध्याकाळी रंकाळा. वारा असतो, भेळ असते, मुलं दमतात. तुम्ही हवा तेवढा तांबडा-पांढरा ओरपा, मुलांना उद्या घाट आहे हे लक्षात ठेवा. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार समोर काढून देतात. बघायला मुलांना जरूर न्या, पण कच्चं दूध लहानग्यांना पाजू नका.

दुसरा दिवस : घाट

सहाला निघा. रिकाम्या पोटीही गाडी लागते आणि भरल्या पोटीही. म्हणून निघताना एखादं बिस्किट किंवा कोरड्या दशमीचा तुकडा, आणि आठच्या सुमारास आजऱ्याला इडलीसारखं काहीतरी हलकं. तळलेलं नाही, दूध नाही, आंबट फळांचा रस नाही.

गाडी लागते ती कानामुळे. आतल्या कानाला वळणं कळतात, पण डोळे पुस्तकावर किंवा मोबाइलवर असतील तर ते मेंदूला सांगतात की आपण स्थिर आहोत. या भांडणात पोट ढवळतं. दोन वर्षांखालच्या बाळांना सहसा त्रास होत नाही, दोन ते बारा वयात सगळ्यात जास्त. त्यामुळे उपाय सोपा आहे. नजर बाहेर, लांबवर आणि समोर. बूस्टरवर बसलेल्या मुलाला समोरचा रस्ता दिसतो हा बूस्टरचा आणखी एक फायदा. काच थोडी उघडा. गाडीतलं सुगंधी अत्तर पुण्यातच काढून ठेवा. मोठ्या मुलांना आलेपाक किंवा आवळासुपारी चघळायला द्या. औषध स्वतःच्या मनाने देऊ नका. प्रोमेथाझिन असलेली गोळी दोन वर्षांखाली धोक्याची आहे, आणि मोठ्या मुलांसाठीही डॉक्टरांना विचारूनच.

ओकारीच्या आधी मूल सांगत नाही, पण दिसतं. बडबडं पोर एकदम गप्प होतं, जांभया देतं, लाळ गिळतं, ओठ पांढरे पडतात. तेव्हाच डबा हातात द्या आणि पुढच्या रुंद जागी थांबा. वळणावर कधीच नाही. “होतंय का, होतंय का” असं विचारत राहू नका, विचारण्यानेच होतं.

आंबोलीत वीस मिनिटं पायी फिरा. धबधबे मेमध्ये कोरडे असतात, पण हवा पुण्यापेक्षा गार असते. माकडांना खाऊ देऊ नका आणि मुलांच्या हातातही ठेवू नका, ती हिसकावतात. मग उतरा. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या जोरावर, सारखा ब्रेक न दाबता. ब्रेक तापत नाहीत आणि मागच्यांना हिसके बसत नाहीत. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. मागे मूल असताना घाटात पुढच्या एसटीला ओलांडायची घाई करणाऱ्या नवऱ्याशी मी बोलणं बंद करते, हाही एक उपाय आहे.

दहा-साडेदहाला सावंतवाडी. मोती तलावाशी गाडी लावा, कपडे बदला, कोकम सरबत प्या आणि मुलांना चितारआळीत घेऊन जा. तिथली लाकडी भातुकली, भोवरे, रंगीत फळं बघून मुलं घाट विसरतात. दीड वर्षाच्या बाळाला तोंडात जाईल असं बारीक काही घेऊ नका. तिथून कुडाळमार्गे मालवण जेवणाच्या वेळेपर्यंत.

मालवणात आणि परत

पोचलात त्या दिवशी काही ठरवू नका. किल्ला दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिल्या होड्यांत. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी या किल्ल्याचं बांधकाम सुरू केलं, एवढं मुलांना सांगायला पुरे. आत सावली कमी आहे. होडीत बसण्याआधी मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट मागा, मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निसटतं. समुद्रात मुलाच्या गुडघ्यापर्यंतच, आणि तुम्ही त्याच्या समुद्राकडच्या बाजूला.

परतीलाही कोल्हापूरचा मुक्काम सोडू नका. ‘घरीच तर जायचंय’ म्हणून एका दिवसात यायचा मोह होतो. आम्ही एकदा तसं केलं आणि रात्री अकराला खंबाटकीच्या बोगद्याआधीच्या रांगेत दोन्ही मुलं एकदम रडत होती.

घरी आल्यावर त्याच दिवशी गाडीच्या सीटखाली हात घाला. चुरमुरे, एक सँडल, वाळू आणि एक लाकडी भोवरा तर असतोच, पण शोधायची असते ती दुधाची बाटली. ती तिसऱ्या दिवशी सापडली तर फेकून द्या, उघडू नका.